पोत्यांच्या खोलीतली सायकल

खुब्याचं हाड मोडलं ते काही पराक्रम करताना नाही. न्हाणीघराबाहेर साबणाचं पाणी सांडलं होतं, मीच सांडलं होतं, आणि तेच पुसायला फडकं आणायला निघाले होते. आपटले ती थेट दवाखान्यात. आत रॉड बसला, टाके सुकले, काठी आली, काठी गेली. पण गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले की मांडीत अशी कळ उठायची की भिंतीला हात टेकून उभं राहावं लागायचं. येणारीजाणारी बाई विचारायची, "काय झालं काकू, घरी सोडू का?" मला घरूनच तर बाहेर पडायचं असायचं!

आमचं घर गंगाखेडात, आणि गोदावरीच्या काठचा महादेव घरापासून फार लांब नाही. दर सोमवारी सकाळी बेलाची पानं घेऊन चालत जायचं, पायरीवर थोडं बसायचं, नदी बघायची आणि यायचं. हे मी नवसासाठी करत नव्हते. तेवढा एक तास माझ्यावर कुणाचा हक्क नसायचा, म्हणून करत होते. खुबा मोडला आणि तो तास गेला. आमच्या ह्यांच्या मोटारसायकलवर मागे एका बाजूला बसलं की पाय लोंबकळून जीव जायचा, आणि दोन्हीकडे पाय टाकावेत तर पाय तेवढा उचलत नव्हता. रिक्षा बोलवावी तर आधी फोन, मग वाट बघणं, मग रिक्षावाल्याची चौकशी, मग घरातल्यांची. कुठं निघालीस, कशाला निघालीस, किती वेळ लागेल. मी आधीच तापट, त्यात ही घरात बांधून घातल्याची गत. मला कुणाला न विचारता, कुणाला न सांगता घराबाहेर पडायचं होतं. बाकी मागणं काही नव्हतं.

तपासणीला गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "चालण्यापेक्षा सायकल बरी. बसून चालवल्यावर खुब्यावर वजन येत नाही. फक्त टांग मारून चढायचं नाही, पाय वर उचलायचा नाही."

आमचे हे हसले. हे एसटीच्या वर्कशॉपातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. माणूस भला, पण हसण्याची वेळ कळत नाही. "पाय न उचलता सायकलवर कसं चढणार गं? शिडी लावून?"

मी दवाखान्यातच म्हणाले, "माझ्या सायकलला मधली दांडीच नव्हती. विसरलात?"

ते विसरले नव्हते, त्यांनी ती कधी बघितलीच नव्हती. मी लग्नाआधी चालवायचे ती. वडिलांनी कॉलेजसाठी घेऊन दिलेली लेडीज सायकल. मधली नळी अशी खाली वाकलेली की साडी न आवरता आरपार पाय टाकावा आणि बसावं. डाळिंबी रंग, त्यावर सोनेरी बारीक रेघा, तारेचे नाहीत तर सळयांचे ब्रेक, मागे साडी अडकू नये म्हणून चाकावर जाळी. आमच्या गल्लीत सायकलवर जाणारी मुलगी मी एकटीच. म्हातारी माणसं ओट्यावरून बघत राहायची आणि मी मुद्दाम घंटी वाजवत जायची. त्याच वर्षी माझ्या थोरल्या भावाचं लग्न झालं होतं. नवी वहिनी माझ्याच वयाची. मी निघताना ती चुलीपुढे भाकरी थापत असायची. माझं लग्न झालं आणि मी सासरी गेले. ह्यांच्या बदल्यांमागे गावोगावी फिरले. सायकल माहेरीच राहिली.

माहेर म्हणजे तेलाचं घर. पुढे दुकान, मध्ये घाणा, मागे घर. करडई आणि भुईमूग. आम्ही गळ्यात लिंग घालणारी, कपाळाला विभूती लावणारी माणसं. आमच्याकडे खंडेनवमीला घरातल्या सगळ्या लोखंडाला मान. तराजू, वजनं, विळी, अडकित्ता, शिलाई मशीन, घाण्याचे नट-बोल्ट. एकेक वस्तू आधी करडईच्या तेलाने हाताने चोळायची, मग विभूतीचे तीन पट्टे ओढायचे, वर झेंडूचं फूल. बाजारचं तेल चालायचं नाही. आपल्या घाण्याचंच पाहिजे. वडील म्हणायचे, जे आपल्याला जगवतं तेच लोखंडाला पाजायचं.

तर मी आणि हे एका दुपारी माहेरी गेलो. माहेर गावातच, आमच्या घरापासून तीन-चार गल्ल्या पलीकडे, पण माझ्यासाठी तोही रिक्षाचाच प्रवास. वहिनीने चहा टाकला. मी म्हणाले, "वैनी, माझी सायकल कुठाय? मोडीत घातली असंल तर आत्ताच सांगा."

"मोडीत कामून घालू?" वहिनी म्हणाली. "पोत्यांच्या खोलीत हाय की. स्टँडवर."

घाण्यामागे करडईची पोती रचायची एक अंधारी खोली आहे. तिथे पोत्यांच्या आड ती उभी होती. मागचं चाक स्टँडवर उचललेलं, पुढचं जमिनीवर टेकलेलं. ह्यांनी बॅटरी मारली आणि मी पुढे होऊन बघितलं. डाळिंबी रंग नाही, सोनेरी रेघा नाहीत, चकाकी नाही. सगळ्या सायकलीवर पिवळट तपकिरी असा जाड चिकट लेप. नखाने खरवडला तर नख घसरलं. पुढच्या चाकाच्या मधोमधचा हब तर त्यातच गाडलेला. हँडलखाली विभूतीचे पट्टे त्या लेपात अडकलेले दिसत होते, पट्ट्यावर तेल, तेलावर पुन्हा पट्टा, असे वर्षांमागून वर्षांचे.

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "वैनी! हे काय केलंव? सायकलीत भजी तळायची होती का तुमाला?"

"मी काय केलं?" वहिनीही काही कमी नाही. "दर खंडेनवमीला तेल लावलं. तुमच्या वडलांनी सांगितल्याप्रमाणं. ही रीत तुमच्या घरची हाय ताई, मी माज्या माहेराहून आणलेली न्हाई."

"बाहेरनं लावायचं असतंय! ह्या हबाच्या भोकांमधी पळीनं ओतलंय तुमी!"

"हौ. ओतलंय. वरवर चोळून काय उपेग? आतल्या लोखंडाला बी मान नको का?"

घाण्याच्या घरात वाढलेली मी. करडईचं तेल वाऱ्यावर राहिलं की वाळतं, वाळलं की त्याचं रोगन होतं, काचेसारखं कडक, हे मला लहानपणापासून माहीत. तेलाचे जुने डबे बघितलेत मी. यंत्राला घालायचं तेल वेगळं आणि कढईत घालायचं वेगळं, हे जगात सगळ्यांना कळतं, फक्त आमच्या घरात कळत नाही, कारण आमच्याकडे तेल म्हणजे एकच. मी रागारागाने पुढचं चाक फिरवायला गेले. हललंसुद्धा नाही. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी आशा लागली होती आणि ती खाण्याच्या तेलात बुडाली होती.

हे मात्र खाली वाकून बघत बसले होते. मागच्या चाकाला हात लावला आणि त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. मागचं चाक भिरभिर फिरत होतं.

"पुढचं जाम, मागचं मोकळं," हे म्हणाले. "तेल तर दोन्हीकडं सारखंच ओतलेलं दिसायलंय."

मी म्हणाले, "असंल काहीतरी. आधी घरी न्या." मी इतकी भडकले होते की मला त्यात काहीच विशेष वाटलं नाही. वहिनी चहाचे कप उचलून आत गेली.

सायकल टेम्पोतून घरी आली आणि आमच्या पडवीचं वर्कशॉप झालं. निवृत्त झाल्यापासून ह्यांच्या हातांना खाज सुटलेलीच होती. पाने, पक्कड, हातोडी, जुनी वर्तमानपत्रं, त्यावर उलगडून ठेवलेले नट. पुढचा हब त्यांनी रॉकेलमध्ये भिजवला. काही नाही. पेट्रोलमध्ये भिजवला. काही नाही. मग म्हणाले, "कापतो. नवीन हब टाकू. नाहीतरी मोटर बसवायचीच आहे, ती पुढच्या चाकात बसवू."

मोटरचं आमचं आधीच ठरलेलं होतं. नदीकडून परतताना चढ आहे, तो माझ्या पायाला झेपला नसता. आजकाल चाकाच्या मधोमध बसणारी मोटर मिळते. तीच घ्यायची, कॅरिअरखाली बॅटरी लावायची, आणि पायडल मारता मारता ती हळूच ढकलते. मोबाइलवर हे रोज तेच बघत होते आणि मला दाखवत होते. पण कापायचं म्हटल्यावर मला सहन होईना. एवढ्या शिव्या घातलेली वस्तू, तरी सहन होईना.

"थांबा," मी म्हणाले. "घाण्यावर डबे कसे साफ करायचे ते माझ्याकडनं शिका."

अंगणात तीन विटा मांडल्या, त्यावर जुनं पातेलं, त्यात धुण्याचा सोडा घातलेलं पाणी. पाण्याला आधण आलं तसा हब सोडला. थोड्या वेळाने पाणी चहासारखं झालं, मग त्यावर फेस आला. करडईचा वास सगळ्या अंगणात पसरला. माझ्या वडिलांच्या सदऱ्याला यायचा तोच वास. हे चिमट्याने हब उचलून फडक्यात धरून पिळत होते, आणि एकदम कट्ट असा आवाज होऊन तो सुटला.

आत काय असेल असं मला वाटत होतं? गंज. लाल भुकटी. इतकी वर्षं, पोत्यांची खोली, पावसाळ्यातली ओल. ह्यांनी वाटी उघडली आणि थाळीत बेअरिंगचे छर्रे ओतले. ते टणटण करत पसरले आणि मी बघतच राहिले. एकेक छर्रा नवा कोरा. असे चमकत होते की मला माझं तोंड त्यात दिसेल असं वाटलं. ज्या वाटीत ते फिरतात तिथेही एक ओरखडा नाही. हवा नाही लागली, पाणी नाही लागलं, काही म्हणजे काही लागलं नाही त्यांना. त्या वेड्या तेलाने जाम केलं होतं आणि त्यानेच राखलं होतं.

"अगं माय!" मी म्हणाले.

ह्यांनी आयुष्यभर बसगाड्यांच्या बेअरिंगा बदलल्या. ते थाळीपुढे मांडी घालून बसले. मग म्हणाले, "ग्रीस असतं तर आतापर्यंत सुकून माती झाली असती." आणि एक छर्रा बोटांत धरून उन्हाकडे करून बघत राहिले.

मग आम्हाला नादच लागला. सांगाड्याला सोड्याचं पाणी लावलं तर रंग निघाला असता, म्हणून टर्पेंटाइनचा बोळा घेऊन मी एकेक बोटभर जागा पुसत बसायचे. खुब्याला बसायचं काम चालतं. लेप आधी चिकट व्हायचा, मग ओघळायचा आणि त्याखालून डाळिंबी रंग वर यायचा. पहिली सोनेरी रेघ दिसली तेव्हा मी ह्यांना हाक मारली, दुसरी दिसली तेव्हा शेजारणीला. कुणीतरी कधीकाळी हातात बारीक ब्रश धरून, श्वास रोखून ओढलेली ती रेघ. तेव्हा, सायकल चालवायच्या वयात, मी ती कधी अशी निरखून बघितलीही नव्हती. हे म्हणत होते, सगळं घासून नवा रंग मारू, झकास होईल. मी म्हणाले, हात लावून तर बघा. हँडलच्या नळीवरचा विभूतीचा लेप तेवढा मी पुसला नाही. तो आहे तसा ठेवला. पुढचा हब पुन्हा पुढच्या चाकातच बसवायचा आणि मोटर मागच्या चाकात टाकायची, हेही मी ठरवून टाकलं. त्या छर्ऱ्यांना थाळीतून बाहेर काढून डब्यात ठेवायचं पाप मला करायचं नव्हतं.

मागच्या चाकात मोटर बसवायची म्हणून ह्यांनी मागचं सगळं उघडलं. आणि तिथे ते पुन्हा अडकले. मला बोलावून घेतलं.

"हे बघ. हा मागचा फ्रीव्हील, चेन बसते तो. दाते बघ."

दाते झिजून टोकदार झाले होते.

"आता हे पायडल बघ. रबर बघ."

रबरावरच्या रेघा पुसून गुळगुळीत झाल्या होत्या. मध्यभागी तर खड्डा पडला होता. सीटचं चामडंही दोन्ही बाजूंना बसलेलं.

"तू कॉलेजला किती वर्षं गेलीस?"

"दोन. पुढं लग्नच झालं तुमच्याशी."

"दोन वर्षांत एवढं झिजत नाही. ही सायकल लय चालवलीय कुणीतरी. आणि पुढचं चाक एकदासुद्धा न फिरवता चालवलीय."

पुढचं चाक न फिरवता सायकल कशी चालते? मग माझ्या डोळ्यांपुढे पोत्यांची खोली आली. मागचं चाक स्टँडवर उचललेलं. पुढचं जमिनीवर टेकलेलं. तेल जिथे थांबलं तिथे वाळलं. जिथे फिरत राहिलं तिथे वाळायला सवडच मिळाली नाही.

सुरुवातीला मला रागच आला, खोटं कशाला सांगू. माझी सायकल! भाच्यांनी खेळ मांडला असणार असं वाटलं. रिक्षा बोलावली आणि तडक माहेर गाठलं. भाऊ दुकानात होता, त्याला नुसतं "आलेच" म्हणून आत गेले. वहिनी लसूण सोलत बसली होती.

"वैनी, स्टँडवर सायकल कोण चालवायचं?"

वहिनीचे हात थांबले. दुकानाकडच्या दाराकडे तिने एकदा बघितलं. मग मान खाली घातली आणि एखाद्या पोरीसारखी लाजली. बघून माझा राग कुठल्या कुठे गेला.

"मीच की," ती म्हणाली.

"कधी?"

"दुपारची. सगळी जेवून आडवी झाली की. घाणा चालू असला म्हंजे आवाज बी कळायचा न्हाई."

"किती दिवस?"

"दिवस कुटले ताई. तुमी सासरी गेल्यापासून." तिने लसणाची पाकळी ताटात टाकली. "तुमी कालेजला निघायचे तवा मी चुलीपशी असायचे. घंटी ऐकू यायची. कोपऱ्यावर गेली की वळायची, मग ऐकू यायची न्हाई. मला वाटायचं, आता कुटवर गेल्या असतील? तुमचं लगीन झालं, सायकल खोलीत आली. एक दिस पोतं हलवायला गेले आन् बसून बघितलं. मग बसल्याबिगर ऱ्हावलं न्हाई."

"आन् जायचे कुठं, वैनी? खोलीत?"

मी चेष्टेने विचारलं होतं. ती चेष्टा नव्हती तिच्यासाठी.

"आधी माहेरला जायचे," ती म्हणाली. वहिनीचं माहेर सोनपेठजवळच्या एका खेड्यात. "एसटीनं जाऊन जाऊन रस्ता पाठच हाय की. कुटं बाभळी, कुटं नाला, कुटं उसाच्या गाड्या उभ्या ऱ्हातात. डोळे झाकायचे आन् निघायचे. कवा कवा येलदरीला जायचे, धरणावर. ते म्या बघितलेलं न्हाई, पर लय पाणी हाय म्हणतात. मनानंच पाणी घालायचे. मग कुणी तरी उठायचं, चहा मागायचं. उतरून यायचे."

पोत्यांच्या खोलीला खिडकी नाही. मी त्या खोलीत लहानपणी लपाछपी खेळले आहे, तिथे अंधार आणि करडईची धूळ एवढंच असतं. त्या खोलीतून ही बाई आयुष्यभर सोनपेठला जात होती, येलदरीला जात होती, आणि भाजी टाकायच्या वेळेला परत येत होती. मला एवढं नवल आयुष्यात कधी वाटलं नाही. नदीचं नाही, महादेवाचं नाही. मी हिला खाण्याच्या तेलावरून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलले होते.

"म्हून तेल ओतायचे ताई," ती म्हणाली. "वाटायचं, तिला बी काय तरी द्यावं. माझ्या पाशी तेलच होतं."

मला रडू आलं. मी तिला म्हणाले, "तुमी वेड्या हात." आणि तिच्या ताटातला लसूण सोलायला बसले.

सायकल तयार झाली. सीट एवढी खाली घेतली की बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला टेकत होते. पाय उचलायचाच नाही, नुसता पुढे सरकवायचा. पहिल्या सोमवारी मी पहाटेच उठले. हे घोरत होते. दार ओढलं, बेलाची पानं बास्केटात ठेवली, आरपार पाय टाकला आणि बसले. पायडलवर जोर दिला तसं मागून कुणीतरी अलगद हात लावावा तसं मोटरने ढकललं. पुढचं चाक आवाज न करता फिरत होतं. मला खाली बघायचा मोह आवरत नव्हता. गल्ली गेली, चौक गेला, चहाची टपरी गेली. तिथल्या कुणीतरी, "काकू, कुटं?" म्हणून ओरडून विचारलं आणि मी उत्तर द्यायच्या आत पुढे निघून गेलेले होते!

महादेवाला पानं वाहिली. पायरीवर बसले. नदीला पाणी बेताचं, पलीकडे कुणी म्हशी धूत होतं. माझा तास मला परत मिळाला होता आणि मी तिथे एकटी बसून हसत होते. मग उठले. बसवेना. घंटी वाजवायची होती मला, एका ठरलेल्या दारापुढे.

"वैनी, चला. मोंढ्यावर."

मोंढा म्हणजे आमचा धान्याचा बाजार. लिलाव नसतो तेव्हा सकाळचं ते मैदान रिकामं असतं, नुसती चिमण्यांची गर्दी. वहिनी पदर खोचून आली, पण घरात सांगून आली देवळात जाते म्हणून. सायकलवर बसली. पाय पायडलवर असे पडले की जशी रोजचीच. मोटर मी बंदच ठेवली, तिनेच सांगितलं, "ते यंतर नको." कॅरिअर मी धरलं. तिने जोर लावला, सायकल हातभर पुढे गेली आणि वहिनी किंचाळली.

"ताई! जमीन पळायली की हो!"

"मग! पळणारच की! सायकल हाय ती!"

"खोलीतली पळत न्हवती!" तिने दोन्ही पाय खाली टेकले. धापा टाकत होती, आणि डोळे एवढे मोठे. खाली वाकून तिने चाकाखालच्या मातीकडे बघितलं, मागे वळून चाकाची रेघ बघितली. हातभरच रेघ. ती रेघ तिने अशी बघितली की मला ते कधीच विसरता यायचं नाही.

पुढच्या काही सकाळी माझ्या संयमाची परीक्षाच होती. एवढी वर्षं पायडल मारलेली बाई, पायांत जोर माझ्यापेक्षा जास्त, ताल पक्का. पण तोल कधी सांभाळावाच लागला नव्हता. हँडल इकडे, अंग तिकडे. "पुढं बघा! चाकाकडं न्हाई, पुढं! धरण तिकडं हाय!" मी ओरडायची. "वरडू नका, मी घाबरायले," ती म्हणायची, आणि पुन्हा बसायची. एकदा पडली. कोपर खरचटलं. घरी तिने काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

शिकवायचं म्हणजे मागून धरून पळावं लागतं. माझे वडील माझ्यामागे पळाले होते, धोतराचा सोगा हातात धरून. माझा खुबा मला पळू देत नव्हता. चार पावलं लंगडत जायची आणि कळ उठायची. त्या सकाळी तेच झालं. वहिनीने वेग घेतला, मी कॅरिअर धरून लंगडत होते, आणि मांडीत अशी सणक आली की हात आपोआप सुटला. मी ओरडणारच होते, "थांबा, मी सोडलंय!" तोंड उघडलंही होतं.

नाही ओरडले. ती चालली होती.

थोडी हलली, मग सावरली. पाठ ताठ. लिलावाच्या ओट्यापर्यंत गेली, मोठं वळण घेतलं. चिमण्या उडाल्या. मी धरलेलं नाही हे तिला वळताना कळलं, कारण मी तिला समोर दिसले, लांब, मांडीला हात लावून उभी. ती मोठ्याने हसली. ते हसू मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, आणि आम्ही एका घरात दोन वर्षं राहिलेल्या होतो.

माझ्या जवळून गेली आणि मला एकदम आठवलं. स्टँडवरच्या सायकलला थांबवावं लागत नाही. ब्रेक तिला माहीतच नसणार!

"वैनी! ब्रेक! हातातली सळई दाबा! थांबता येतंय का तुमाला?"

"येतंय की!" ती लांबून ओरडली. घंटीही वाजवली. "पर कामून थांबू?"

आणि ती पुन्हा वळणावर गेली. मी लिलावाच्या ओट्यावर जाऊन बसले आणि माझी सायकल परत कधी मिळते याची वाट बघू लागले.